घरात कुत्रं आणताय? आधी त्याची आई बघा

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरात पहिलं कुत्रं आलं ते बिस्किटांच्या खोक्यातून. रविवारी बाजारातून परतताना एक माणूस दुकानाच्या पायरीवर खोकं घेऊन बसलेला दिसला. आत चार पिल्लं, एकमेकांच्या अंगावर झोपलेली. "लॅब्राडॉर आहे, काय करत नाही कि ओ, लई गरीब," एवढंच तो म्हणाला, आणि तेवढ्यात माझ्या धाकट्यानं एक पिल्लू उचलून छातीशी धरलं. विषय संपला. मी घासाघीस केली ती फक्त पैशाची.

ते लॅब्राडॉर नव्हतं हे सहा महिन्यांत कळलं. त्याचं काही वाटलं नाही. पण ताटलीजवळून कुणी गेलं की ते गुरगुरायचं, झोपेत हात लागला तर दचकून तोंड टाकायचं. वर्षाचं झालं आणि दिवाळीला आलेल्या भाचीच्या मनगटावर त्याचे चार दात उमटले. कुत्र्याला मी दोष देत नाही. जेमतेम पाच आठवड्यांचं असताना त्याला आईपासून तोडलं होतं, हे मला पुढं डॉक्टरांनी सांगितलं. भेंडी घेताना शेंडा मोडून बघणारा मी, बारा वर्षं घरात राहणारा जीव घेताना एक प्रश्न विचारला नव्हता.

तेव्हापासून पाहुण्यांत कुणाला कुत्रं घ्यायचं असलं की मला सोबत नेतात. खानापूर, चिकोडी, निपाणी, एकदा पार अथणीपर्यंत जाऊन आलोय. पहिल्यांदाच कुत्रं आणणाऱ्यांना जे सांगतो, तेच इथं लिहितो.

पहिलं काम: आपलं घर बघा

जात कुठली घ्यायची हा नंतरचा प्रश्न. आधी घरात कोण कोण आहे ते मोजा. रांगणारं मूल आहे का, काठी टेकत चालणारी आजी आहे का, दिवसभर घराला कुलूप असतं का. पहाटे कुत्र्याला फिरवायला कोण नेणार, याचं उत्तर "सगळे मिळून" असं आलं तर समजा, कुणीच नाही. कुत्रं सरासरी दहा ते चौदा वर्षं जगतं. आज सातवीत असलेलं पोरगं तोवर नोकरीला पुण्यात असेल आणि कुत्रं तुमच्या गळ्यात.

शहापूर, वडगावच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून घरं. तिथं दिवसभर भुंकणारं कुत्रं आणलंत तर शेजाऱ्यांशी बोलणं बंद होईल. टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये लिफ्टचा दरवाजा उघडताच अनोळखी पोर समोर येतं, तेव्हा न बिचकणारं कुत्रं लागतं. खानापूरकडं चार महिने पाऊस थांबत नाही; दाट केसांचं कुत्रं तिथं सतत ओलं राहतं, कातडीला खाज सुटते, कानात घाण साचते. अथणीकडं उलटं, उन्हाळा भाजून काढतो.

घरात सगळ्यात लहान मूल पाच वर्षांच्या आतलं असेल, तर माझं स्पष्ट मत: पिल्लू आणू नका. दोन लहान लेकरं एकदम वाढवायची, त्यातल्या एकाचे दात सुईसारखे. थोडं थांबा, किंवा दोन-तीन वर्षांचं, स्वभाव कळलेलं मोठं कुत्रं बघा.

जातीचं नाव आणि स्वभाव

"लॅब्राडॉर चावत नाही" हे आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. लॅब्राडॉर बहुतेक मनमिळाऊ असतो, खरंय. पण तो पहिली दोन वर्षं आडदांड असतो, शेपटीच्या फटक्यानं चहाचे कप पाडतो, प्रेमानं अंगावर उडी मारली की आजी खाली. व्यायाम नसला तर सुटतो आणि कमरेच्या सांध्यांचं दुखणं लावून घेतो. गोल्डन रिट्रीव्हर स्वभावानं तसाच, पण त्याच्या केसांत गोचीड लपली तर हाताला लागत नाही.

इथं 'पामेरियन' म्हणून जो पांढरा कुत्रा विकतात तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. हुशार, आपल्या हवेला सरावलेला, एकट्या म्हाताऱ्या माणसाला उत्तम सोबत. पण शेपूट-कान ओढणाऱ्या लेकरांचा त्याला लवकर कंटाळा येतो, आणि बेल वाजली की अख्खी गल्ली जागी. पग दिसायला गोड, पण नाक चपटं असल्यानं उन्हात त्याला दम लागतो. दुपारी फिरवलात तर जिवावर बेतेल. हस्की मात्र आणूच नका. बर्फातला प्राणी पंख्याखाली धापा टाकत पडलेला बघवत नाही.

रॉटवायलर, पिटबुल वगैरेंबद्दल लोक कायद्याचं विचारतात. केंद्र सरकारनं १२ मार्च २०२४ रोजी अशा २३ जातींवर बंदी घालायला सांगणारं परिपत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयानं ते एप्रिल २०२४ मध्ये रद्द केलं, संबंधितांशी सल्लामसलत न करता काढलं म्हणून. म्हणजे तेव्हा प्रश्न कार्यपद्धतीचा होता, कुत्रं सौम्य असल्याचा दाखला कोर्टानं दिलेला नाही. पहिल्यांदा कुत्रं पाळणाऱ्यानं, घरात लेकरं असताना, अंगात इतकी ताकद असलेल्या जातीच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. ते भांडखोर असेलच असं नाही. पण चुकलं तर त्याची चूक मोठी असते.

आणि आपला मुधोळ. गोकाक ओलांडून पुढं गेलं की बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ येतं, घोरपड्यांचं जुनं संस्थान. राजे मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली, पंचम जॉर्जला त्यातली जोडी भेट दिली. २००५ साली टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या जातीसाठी केंद्रही आहे. अभिमान वाटावा असंच कुत्रं. पण कन्नड शेतकरी त्याला 'बेटे नायी' म्हणतात, म्हणजे शिकारी कुत्रा, हे विसरू नका. त्याचा डोळा हलत्या वस्तूवर असतो. मांजर, कोंबडी, कोकरू पळालं की तो मागं सुटतो आणि हाक कानावर जात नाही. मोकळं रान, उंच कुंपण आणि रोज पळवणारा माणूस असेल तर मुधोळसारखा शांत कुत्रा नाही. घरात तो अंगाचं मुटकुळं करून झोपतो. अनोळखी माणसानं अंगावर हात टाकलेला त्याला खपत नाही, म्हणून पाहुण्यांची सतत वर्दळ असलेल्या घरात तो अवघडतो. गल्लीतल्या दोन खोल्यांत मुधोळ बांधून ठेवणाऱ्यांचा मला राग येतो.

राहिलं गावठी. लोक नाक मुरडतात, पण सगळ्यात कमी दवाखाना लागतो तो यालाच. माझी आत्ताची राणी गावठीच आहे. शेतावर, माणसांत, लेकरांच्या पायात वाढलेलं गावठी पिल्लू मिळालं तर दुसरं काही शोधत बसू नका. रस्त्यावर भ्यायलेल्या आईनं झुडपात वाढवलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

"तायी यल्लैती?"

विकणारा कानडी असेल तर एवढं एक वाक्य पाठ करून जा: "तायी यल्लैती?" म्हणजे आई कुठाय? मराठी असेल तर मराठीत विचारा, पण पहिला प्रश्न हाच.

खाण तशी माती. पिल्लाचा स्वभाव थोडा आईकडून रक्तात येतो आणि उरलेल्यातला बराचसा तिच्या वागण्यातून. आई माणूस बघून मागं सरते, गुरगुरते, कोपऱ्यात दडते, तर पिल्लंही माणसाला भ्यायलाच शिकतात. आणि चावणाऱ्या कुत्र्यांतली बरीचशी भित्री असतात. "आई गावाला आहे", "आई मालकाकडं आहे", "फोटो दाखवतो की" असं कुणी म्हणालं तर पैसे खिशातच ठेवून माघारी या.

खानापूर तालुक्यातल्या एका शेतघरी मी राणीसाठी गेलो तेव्हाचं सांगतो. आई गोठ्याच्या दारात पेंढ्यावर पडलेली. आम्ही फाटकातून आत आलो तशी उठली, तीन-चारदा भुंकली. मालकीणबाई चुलीपासून न उठताच म्हणाल्या, "गप ग, पाहुणे आहेत." ती गप्प झाली, शेपटी सैल हलवत जवळ आली, माझ्या चपला हुंगल्या, हात हुंगला आणि परत जाऊन पडली. मालकिणीच्या चार वर्षांच्या नातवानं तिच्या पोटाखालून एक पिल्लू ओढून मला आणून दिलं, तर तिनं नुसती मान वर केली. मी तिथंच ठरवलं. पिल्लू नीट बघितलं ते त्यानंतर.

पाहुणा आला की भुंकावं, मालकानं सांगितल्यावर थांबावं, हुंगून ओळख करून घ्यावी: घरातल्या कुत्र्याकडून याहून जास्त काय हवं? पिल्लंवाली आई जरा सावध असणारच, तेवढं चालतं. थांबतच नसेल, तिला साखळीनं ओढून कोंडावं लागत असेल, तर तिची पिल्लं तुमच्यासाठी नाहीत.

वयाचं पक्कं विचारा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या कुत्रे पैदास नियमांनी मनाई आहे, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. नियम सोडा, कारण बघा. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांना चावत खेळतात, जोरात चावलं की दुसरं केकाटतं, खेळ थांबतो. दात किती जोरानं लावायचे हे ते तिथंच शिकतं. माझ्या खोक्यातल्या पिल्लाची ती शाळाच बुडाली होती.

केनेल क्लबचा कागद असला तर चांगलंच, पण त्यावरून वंशावळ कळते. स्वभाव कळत नाही.

पिल्लू निवडताना

दुपारी, पिल्लं पोटभर पिऊन झोपलेली असताना जाऊ नका. सकाळी जा, आणि जमलं तर दोनदा जा. आधी लांब बसून दहा मिनिटं नुसतं बघा. सगळ्यांच्या डोक्यावर चढणारं, भावंडांना कोपऱ्यात दाबणारं पिल्लू लोकांना 'तेज' म्हणून आवडतं. कोपऱ्यात एकटं बसलेल्याची दया येते. पहिल्यांदा पाळणाऱ्यानं दोन्ही सोडून मधलं घ्यावं. दयेपोटी घेतलेलं भित्रं पिल्लू सावरायला अनुभवी माणूस लागतो.

मग एकेक पिल्लू भावंडांपासून थोडं बाजूला न्या. उकिडवं बसून हलकी टाळी वाजवा. शेपटी हलवत आलं तर बरं. किल्ल्यांचा जुडगा चार हात लांब टाका. दचकलं तर दचकू द्या, दचकायलाच हवं. त्यानंतर ते काय करतं ते बघायचं: थोड्या वेळानं किल्ल्या हुंगायला गेलं तर मन खंबीर आहे, थरथरत दडून बसलं आणि बाहेरच येईना, तर राहू द्या. उचलून मांडीवर घ्या, पंजे दाबून बघा, कानात बोट फिरवा, ओठ उचलून दात बघा. वळवळेल, नंतर सैल पडेल. अंग ताठ करून दात दाखवणारं पिल्लू मी घेत नाही.

हे सगळं करताना तब्येतही दिसते. हिरड्या गुलाबी, डोळे स्वच्छ, शेपटीखालची जागा कोरडी. बाकी अंग हाडकुळं आणि पोट तेवढं टमटमीत फुगलेलं असेल तर ते बाळसं नव्हे, जंत असतात. बेंबीला मऊ गाठ लागली तर हर्निया असू शकतो, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. कुशीतल्या एकाही पिल्लाला रक्ताची हगवण असेल तर कुठल्याच पिल्लाला हात न लावता निघा. तो पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा आजार, असू शकतो, आणि त्याचे विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतात. तुमच्याच घरी आधीचं पिल्लू पार्वोनं गेलं असेल, तर फरशी ब्लीचनं धुवा आणि नवं पिल्लू लसी पुऱ्या झाल्यावरच आणा.

मोठं कुत्रं घेत असाल तर

बदली झाली, घरात बाळ आलं, म्हातारा मालक गेला, अशा कारणांनी चांगली कुत्री दुसऱ्या घराच्या शोधात असतात. लष्करी कॅम्पात राहणाऱ्यांच्या बदल्या झाल्या की अशी विचारणा हमखास होते. अशा कुत्र्याला एकदा घरात, एकदा रस्त्यावर आणि एकदा तुमच्या लेकरांसमोर बघा. "आजवर कुणाला चावलंय का?" असं विचारलं तर "नाही" हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: "ते जेवत असताना तुम्ही ताटली उचलता का? नखं कोण कापतं? गॅसवाला आला की कुठं बांधता?" खरं त्यातून बाहेर येतं.

आणि अंग वाचायला शिका. शेपटी हलते म्हणजे कुत्रं खूश, हा भ्रम आहे. कंबरेसकट सैल हलणारी शेपटी खुशीची. अंग ताठ, शेपटी उंच आणि टोकाशी भराभर थरथरणारी, तर हात मागं घ्या. अवघडलेलं कुत्रं जांभया देतं, जीभ नाकावर फिरवतं, तोंड फिरवून घेतं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो. गुरगुरणं ही त्यानंतरची पायरी. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका. ते सूचना द्यायचं बंद करेल आणि पुढच्या वेळी थेट चावेल. हे मी स्वतः करून बसलोय.

सुया, जंत आणि साबण

घरी नेण्याआधी वाटेतच पशुवैद्यकीय दवाखाना करा. जंताचं औषध तीन महिन्यांचं होईतोवर दर पंधरवड्याला. पार्वो, डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, पुढची तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं. रेबीजची सुई तीन महिने पुरे झाल्यावर आणि नंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास बऱ्याच सरकारी दवाखान्यांत फुकट टोचतात. पावसाळ्यात आणि नंतर गोचीड रोज बोटांनी शोधायची, कानाच्या पाळीत आणि पंजाच्या बोटांत. पिल्लं वाढवायची नसतील तर नसबंदी कधी करायची हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

चावा बसलाच, किंवा पिल्लाच्या दुधाच्या दातानं नुसतं ओरबाडलं, तरी आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून. चुना, तिखट, हळद, तंबाखू काही लावायचं नाही. आमच्या भाचीला शेजारणीनं चुना आणून दिला होता, मोठ्या मुश्किलीनं थांबवला. मग सरकारी दवाखाना. रेबीजची कातडीत घ्यायची लस पहिल्या दिवशी, मग तो दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागतं. "घरचंच कुत्रं आहे" म्हणून ठरवणारे आपण नव्हे, डॉक्टर.

पहिले काही आठवडे

चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं. या काळात जे दिसेल ते त्याला जन्मभर नेहमीचं वाटतं. लसी पुऱ्या व्हायच्या म्हणून जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन दाखवा: रिक्षा, मिक्सर, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, दाढीवाले काका, गणवेशातली पोरं. आवाजाचं तर विशेष. बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, गणपतीत ढोलताशे. राणीला आम्ही मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावून जेवण घालायचो, रोज थोडा मोठा करत. फटाक्यांच्या रात्री ती आजही कॉटखाली जाते, पण जेवण सोडत नाही.

नुसत्या दूधभातावर पिल्लू पोसत नाही, उकडलेलं अंडं, मांस किंवा त्याच्यासाठीचं खाणं लागतं. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट वर्ज्य. म्हणजे शिऱ्यातला बेदाणाही नाही आणि लाडानं कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईचा, तुकडाही नाही. आमच्याकडं पाहुणा आला की कुंदा असतोच, आणि पाहुण्यालाच कुत्र्याला भरवायची हौस असते.

लेकरांना नियम आधी, कुत्रं नंतर. जेवत असताना हात लावायचा नाही. झोपलेलं असताना लांबून हाक मारायची. गळ्यात मिठी नाही, पाठीवर बसणं तर नाहीच. कुत्र्याला एक कोपरा द्यायचा आणि तो तिथं गेला की त्याला कुणी बोलवायचं नाही. पाच वर्षांच्या आतलं मूल आणि कुत्रं, कितीही गरीब असो, एका खोलीत एकटी सोडायची नाहीत. "दोनच मिनिटं" सुद्धा नाही. भाचीला चावलं तेव्हा मी फक्त गॅस बंद करायला आत गेलो होतो.

पुढच्या लसीची तारीख दवाखान्याच्या कार्डावर असते आणि कार्ड हरवतं. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयावर दुधाचे खाडे मांडलेले असतात, त्यातच एका चौकोनात बायकोनं लाल पेनानं लिहून ठेवलंय: राणीची सुई.